आईच्या पाठीतली गाठ

इंदूर, गुरुवार रात्र

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू विचारलंस नेमकं झालंय काय, आणि मला धड सांगताच आलं नाही, म्हणून लिहितेय. आईची चप्पल पायातून निसटायची आणि तिला पत्ताच नसायचा, आमच्या रामबागेच्या जिन्यावर दोनदा खालच्या पायरीवरच राहिली, वर दार उघडते तर हिचा एक पाय अनवाणी. एक डॉक्टर चार महिने गुडघेच बघत बसले. शेवटी एमआरआय. रिपोर्टात लिहिलेलं, डी ६-डी ७, इंट्राड्यूरल एक्स्ट्रामेड्युलरी, बहुतेक मेनिंजिओमा. ओमा म्हणजे कॅन्सरच असं धरून मी रात्रभर रडले, वेडी कुठली.

दुसऱ्या दिवशी सर्जननी पाकिटाच्या मागे तीन गोल काढून समजावलं. ओमा म्हणजे नुसती गाठ गं, बाकी सगळा तिचा पत्ता. डी म्हणजे डॉर्सल, पाठीचे मणके. मज्जारज्जूला तीन आवरणं असतात, त्यांना मिळून मेनिंजीस म्हणतात, तिथली म्हणून मेनिंजिओमा, हे नाव कुशिंग नावाच्या सर्जनने १९२२ मध्ये दिलं. इंट्राड्यूरल म्हणजे बाहेरच्या आवरणाच्या आत, एक्स्ट्रामेड्युलरी म्हणजे रज्जूच्या बाहेर, थोडक्यात आत घुसलेली नाही, बाजूने दाबतेय, म्हणून पाय बधिर. बायकांना पाठीत याच भागात जास्त होते म्हणे, आणि बहुतेक वेळा ग्रेड १, म्हणजे साधी. पक्कं बायोप्सीनंतरच.

मग मी नावांच्या मागेच लागले. बाहेरचं आवरण ड्यूरा मेटर, म्हणजे कडक आई, आतलं पाया मेटर, हळवी आई, मधलं अ‍ॅरॅक्नॉइड, म्हणजे कोळ्याचं जाळं! अ‍ॅस्ट्रोसायटोमा ही दुसऱ्या जातीची गाठ, तिच्यातल्या पेशी ताऱ्यासारख्या म्हणून ते नाव, पण सुंदर नावावर जाऊ नकोस, त्यातले काही फार वाईट. ग्लिओमा ही आणखी एक गाठ, त्यातलं ग्लिया म्हणजे डिंक. आणि अकूस्टिक न्यूरोमा तर चक्क चुकीचं नाव, ती गाठ ऐकण्याच्या नाही, तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातून निघते, तरी लोक तेच म्हणतात.

ऑपरेशन मंगळवारी. सर्जन म्हणाले सॅमोमॅटस प्रकार वाटतो, सॅमॉस म्हणजे वाळू, गाठीत कॅल्शियमचे बारीक कण असतात. आई पडल्या पडल्या म्हणे, "वाळू? मग नर्मदेचीच असणार, इतकी वर्षं तेच पाणी पितेय." नर्स मराठी नव्हती, मी हिंदीत सांगितलं तेव्हा तीपण हसली.

बुधवारी फोन करते.

तुझी,
मंजू