लिगामेंटचे ऑपरेशन होते. पुढचे नऊ महिने कोण पाहणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी सरली की खानापूर, बेळगाव, निपाणी भागात गावोगावी कबड्डीचे सामने लागतात, जत्रांतून कुस्तीची मैदाने भरतात आणि दर हंगामात काही मुले गुडघा धरून मैदानाबाहेर येतात. बक्षिसांच्या रकमा फलकावर ठळक अक्षरांत रंगवणाऱ्या मंडळांना या मुलांचे पुढे काय झाले हे विचारायला सवड नसते. शाळेत खेळ शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे मला ते जवळून पाहायला मिळाले आहे.

चढाई करणारा खेळाडू पाय रोवून एकदम वळतो, अंग फिरते, पाऊल मात्र जागीच राहते आणि गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज होतो. पुष्कळदा त्याला कोणी हातही लावलेला नसतो. गुडघ्याच्या आतला पुढचा लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारी चिवट दोरी), म्हणजे एसीएल, तुटला की सांध्यात रक्त साचून काही तासांतच गुडघा टम्म फुगतो. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसते, महिनाभरात सूज उतरते, मुलगा चालू लागतो आणि घरचे निर्धास्त होतात. पण एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही. तो तुटल्याची शंका अस्थिरोगतज्ज्ञाला हाताने तपासूनच येते आणि एमआरआयने ती पक्की होते. तपासणीविना पुन्हा मैदानात उतरलेल्या मुलाचा गुडघा वळताना निसटतो आणि अशा प्रत्येक हिसक्यात दोन हाडांमधली कूर्चेची गादी फाटण्याचा धोका असतो.

आपल्याकडे अशा वेळी पहिली वाट हाडवैद्याकडे किंवा तालमीतल्या मालिशवाल्याकडे जाते. त्यांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. तो माणूस जवळ असतो, आपल्या भाषेत बोलतो आणि थोडक्या पैशांत भागवतो. आंबेहळद आणि रक्त्याबोळाच्या लेपाने ठणका कमी झाल्याचे पुष्कळ जण सांगतात, त्यालाही माझी हरकत नाही. परंतु ताज्या सुजेवर जोराने चोळणे, गुडघा ओढून ‘बसवणे’ आणि बिब्बा लावणे हे प्रकार घातक आहेत. बिब्ब्याने कातडीवर फोड येतात आणि कातडी बरी होईपर्यंत जंतुसंसर्गाच्या भीतीने शल्यचिकित्सक ऑपरेशन पुढे ढकलतात. शहरातही सगळे शास्त्रोक्त चालते असे नाही. स्वतःच्याच रक्तातला घटक वेगळा काढून गुडघ्यात टोचण्याची महागडी इंजेक्शने दिली जातात, पण पूर्ण तुटलेला एसीएल त्यांनी जुळतो याला भक्कम पुरावा नाही. झाडपाल्याला हसणाऱ्यांनी याचाही हिशेब ठेवावा.

तुटलेल्या प्रत्येक लिगामेंटला ऑपरेशन लागतेच असेही नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा लिगामेंट पट्टा आणि व्यायामाने बहुधा भरून येतो. एसीएलची टोके सांध्यातल्या द्रवात राहत असल्याने ती सहसा जुळत नाहीत. तरीही स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी देखरेखीखाली व्यायाम करून गरज पडली तरच ऑपरेशन करण्याचे ठरवलेल्या गटातल्या सुमारे साठ टक्के जणांना दोन वर्षांत ऑपरेशन लागले नाही आणि हा गट आणि लगेच ऑपरेशन केलेला गट या दोन्हींच्या गुडघ्यांत सरासरीने फारसा फरक आढळला नाही. याचा अर्थ कबड्डीपटूने ऑपरेशन टाळावे असा नव्हे. ज्याला पुन्हा वळणे-उडी मारणे करायचे आहे किंवा ज्याचा गुडघा निसटत राहतो, त्याला ते बहुधा करून घ्यावे लागते, आणि फाटलेली गादी अडकून गुडघा सरळच होत नसेल तर वेळ दवडू नये. मात्र त्या अभ्यासातला व्यायाम तज्ज्ञाच्या देखरेखीखाली झाला होता, हे विसरून चालणार नाही.

ऑपरेशन झाले तरी खरे काम पुढेच असते. दुर्बिणीतून केल्या जाणाऱ्या या ऑपरेशनमध्ये तुटलेला लिगामेंट शिवत नाहीत, तर रुग्णाच्याच मांडीमागची किंवा वाटीखालची कंडरा (टेंडन) काढून हाडात पाडलेल्या बोगद्यांतून ओवतात. ही नवी दोरी पहिल्या दोन-तीन महिन्यांत उलट कमजोर होते आणि नेमके त्याच काळात दुखणे थांबल्यामुळे मुलाला आपण बरे झालो असे वाटते. म्हणून किमान नऊ महिने स्पर्धेत उतरू नये असे तज्ज्ञ सांगतात, आणि तेही मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या जवळपास आल्याचे तपासूनच. घरी मायेपोटी गुडघ्याखाली गोधडीची गुंडाळी देतात. त्याने आराम वाटतो, पण गुडघा वाकडाच राहून पुढे पूर्ण सरळ होत नाही. गुंडाळी टाचेखाली हवी. एवढी साधी गोष्टही कित्येक घरांत कोणी समजावून सांगितलेली नसते.

समजणार तरी कशी? माझ्या एका विद्यार्थ्याला रुग्णालयातून मिळालेला व्यायामाचा कागद इंग्रजीत होता, मागची सही करायची पाने कन्नडमध्ये होती आणि त्याच्या आईला यातले काहीच वाचता येत नव्हते. सीमाप्रश्नाचा वाद मला या पत्रात उकरायचा नाही. पण रुग्णाला कळणाऱ्या भाषेतला चित्रांसह एक कागद देण्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. दुसरी अडचण अंतराची. जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलाचा बेळगावला फिजिओथेरपीसाठी येऊन परत जाण्यात दिवस मोडतो, रोजगार बुडतो आणि दोन-चार खेपांनंतर तो येणेच सोडतो. तालुका रुग्णालयांत आठवड्यातले ठरावीक दिवस ही सोय मिळावी, अशी आरोग्य खात्याला विनंती आहे.

मंडळांकडूनही अपेक्षा आहे. बक्षिसांच्या रकमेतला थोडा भाग खेळाडूंच्या अपघात विम्यासाठी ठेवावा आणि गुडघ्याचे ऑपरेशन होऊन नऊ महिने न झालेल्या खेळाडूला तज्ज्ञाच्या दाखल्याशिवाय खेळवू नये. शाळांनी सरावाआधी वीस मिनिटे उडी मारून गुडघा वाकवून उतरणे, एका पायावर तोल सावरणे, मांडीमागचे स्नायू बळकट करणे असे व्यायाम घ्यावेत. अशा सरावाने गुडघ्याच्या दुखापती कमी होतात हे फुटबॉलमध्ये दिसून आले आहे. मुलींच्या संघांकडून तर ते कटाक्षाने करून घ्यावेत, कारण एकाच खेळात एसीएल तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असते. त्यासाठी ना मॅट लागते ना अनुदान. यंदाच्या सामन्यांच्या तयारीपासूनच सुरुवात करता येईल.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
नंदगड, ता. खानापूर