उलटा चेहरा म्हणजे बनावट नाणे नव्हे

संपादक महोदय,

एका बाजूला सम्राटाचा उठावदार चेहरा आणि दुसऱ्या बाजूला तोच चेहरा खोलगट व उलटा, असे रोमन दिनारियस (चांदीचे नाणे) दिसले की ते बनावट ठरवण्याची घाई होते. बहुधा ती टाकसाळीतली खरी चूक असते. चेहऱ्याचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे. मागच्या बाजूचा ठसा हातात धरून त्यावर हातोडा मारत. ठोकलेले नाणे वरच्या ठशालाच चिकटून राहिले आणि ते न पाहता खाली नवी चकती ठेवली, की त्या नाण्याचाच चेहरा चकतीत रुतायचा. म्हणूनच खोलगट छाप बहुतेक वेळा चेहऱ्याचीच सापडते, मागच्या चित्राची क्वचित.

पारखताना आधी वजन पाहावे. चकत्या ठोकण्यापूर्वीच वजनात बसवलेल्या असत, त्यामुळे ठसा सरकून अर्धी अक्षरे बाहेर गेली तरी वजन घटत नाही. रोमन सम्राट नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास वजन उतरवल्यानंतरचे दिनारियस साधारण ३.४ ग्रॅमचे. वजन बरेच कमी आणि कड तासलेली असेल, तर चांदी कातरलेली आहे. कडेवर ओतकामाची सांधरेषा, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळल्याची खूण, दिसली तर मात्र संशय रास्त.

आणि कृपया अशी नाणी घासू नका. खोलगट भागात झीज कमी होते. तिथे उरलेल्या, धातू दाबाने सरकल्याच्या बारीक रेषा हाच नाणे ठोकल्याचा पुरावा असतो.

– एक नाणे अभ्यासक