बिशप ग्रेग्वार यांच्याविषयी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी फोनवर तू म्हणालास, एक तर चर्च धरावं नाहीतर क्रांती, दोन्ही दरडींवर पाय ठेवता येत नाही. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता लिहितो.

आंरी ग्रेग्वार हे फ्रान्सच्या लॉरेन भागातल्या आंबेरमेनिल या खेड्यातले धर्मगुरू. ज्यूंना बरोबरीने वागवा, असं सांगणाऱ्या त्यांच्या निबंधाला मेत्झच्या अकादमीने १७८८मध्ये बक्षीस दिलं. पुढच्या वर्षी क्रांती झाली. चर्चला सरकारच्या हाताखाली आणणाऱ्या नव्या घटनेची शपथ घ्यायला धर्मगुरूंमधून सर्वांत आधी तेच उठले. लोकांनी निवडल्यावर ते ब्लुआचे बिशप झाले; पोपने ती घटना धिक्कारली, तरी पदावर राहिले. राजेशाही मोडण्याच्या ठरावावर ते हिरिरीने बोलले, गुलामगिरीविरुद्ध तर आयुष्यभर.

पण मला आठवत राहते ती फ्रान्सच्या संसदेतली ७ नोव्हेंबर १७९३ची सभा. तोवर क्रांती धर्मावरच उठली होती. पॅरिसचे बिशप गोबेल यांनी भर सभागृहात पद सोडलं होतं. एकामागून एक धर्मगुरू तेच करत होते, टाळ्या पडत होत्या. ग्रेग्वार आले तेव्हा सगळे त्यांच्या मागे लागले, तुम्हीही सोडा. ते व्यासपीठावर चढले आणि म्हणाले, लोकांनी मला बिशप केलं खरं, पण हे काम मला ना त्यांनी दिलंय, ना तुम्ही. सभागृहात आरडाओरडा झाला. पॅरिसमध्ये रोज गिलोटिन चालू असताना हा माणूस बिशपचा झगा घालून सभेला येत राहिला! सांग, याला तू काय म्हणशील?

त्यांची एक गोष्ट मात्र मला लागते. जून १७९४मध्ये त्यांनी अहवाल मांडला: देशातल्या बोली नष्ट करून एकच फ्रेंच चालवावी. ते वाचताना मला आजी दिसली, ओसरीवर बसून आमच्या वसईकडच्या कादोडी बोलीत बोलणारी. शाळेत आम्हाला त्याच बोलीवरून हसायचे, तुला ठाऊक आहे. ज्यूंसाठी, गुलामांसाठी झटणाऱ्या माणसाला खेड्यातल्या म्हातारीच्या तोंडची भाषा अडचण वाटावी, याचं मला फार वाईट वाटतं.

१८३१मध्ये ते मरणशय्येवर होते. शपथ मागे घ्या, तरच शेवटचे संस्कार, असं पॅरिसच्या आर्चबिशपांनी कळवलं. त्यांनी नाही म्हटलं. एका धर्मगुरूने आर्चबिशपांना न जुमानता संस्कार दिले. विद्यार्थ्यांनी शवपेटीची गाडी स्वतः ओढत मोंपार्नासच्या दफनभूमीपर्यंत नेली, मागे वीसेक हजार माणसं.

नाताळला वसईला ये. आई तुझ्याशी कादोडीतच बोलेल, तूही तसाच बोल.

तुझाच,
मित्र