सिन्से, भांडं अजून माझ्याकडेच आहे

सिन्से,

स.न.वि.वि. सिंगापुरात चिनी वैद्याला ‘सिन्से’ म्हणतात, हे तुमच्या दुकानाची पायरी चढेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीत लिहितेय, कारण तुमची गोष्ट आधी माझ्या माणसांनी वाचावी असं वाटतं. तुमच्या काउंटरवरच्या मुलीला मी ते इंग्रजीत सांगेन, ती तुम्हाला मँडरिनमध्ये सांगेल. आपलं सगळं बोलणं असंच तर झालं.

पहिल्यांदा आले तेव्हा लग्नाला सात वर्षं झाली होती. आईने पाठवलेला शतावरी कल्प खाऊन झाला होता, सासूबाईंचे दोन नवस बोलून झाले होते. सेंगकांगहून, म्हणजे आमच्या वस्तीतून, मेट्रोच्या जांभळ्या लाइनने थेट चायनाटाउनला उतरले, ती खरं तर ऑफिसातल्या मैत्रिणीचं मन मोडू नये म्हणून. तुम्ही उशीवर माझं मनगट ठेवलं, तीन बोटं टेकवली आणि बराच वेळ गप्प राहिलात. मग दुसरा हात. मग जीभ. पाळीचा रंग कसा, गाठी पडतात का, पावलं गार पडतात का. एवढं सगळं लिहून झाल्यावर माझ्या मागे बघून विचारलंत, “नवरा कुठाय?”

तो खाली कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत बसला होता. सात वर्षांत दोन देशांतले तीन दवाखाने झाले, माझ्या नळ्या तपासून झाल्या, हार्मोन्स मोजून झाले. त्याच्या तपासणीचं प्रत्येक ठिकाणी “बघू नंतर”. आमच्याकडे कूस उजवायची ती बाईचीच, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तुम्ही त्याला वर बोलावलंत, त्याचीही नाडी बघितलीत आणि म्हणालात, नाडीवरून मी शुक्राणूंची मोजणी सांगू शकत नाही, आधी लॅबमध्ये जाऊन ये. रिपोर्ट आला, मग मूत्ररोगतज्ज्ञ, मग व्हेरिकोसीलचं, म्हणजे वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरांचं, ऑपरेशन. एका वैद्याने, तेही काढे विकणाऱ्या, आम्हाला लॅबचा रस्ता दाखवला. मी आभार मानतेय ते मुख्यतः याचे.

काढ्याबद्दलही लिहायला हवं, नाहीतर तुम्ही रुसाल. माझ्यासाठी दांग क्वेई, म्हणजे सेलरीसारख्या वासाच्या मुळीचे पातळ काप. पिओनी या फुलझाडाचं पांढरं मूळ. छ्वानश्योंग नावाची आणखी एक मुळी. आणि शू दी ह्वांग, हेही मूळच, जुन्या चिंचेसारखं काळं, चिकट. ते नऊ वेळा वाफवून नऊ वेळा वाळवायची रीत. या चौघांच्या काढ्याला ‘स वू थांग’ म्हणतात. सुंग राजवटीच्या सरकारी औषधशाळेच्या पोथीत तो आहे, म्हणजे ज्ञानदेवांच्याही आधीचा. आणि नवऱ्यासाठी पाच बियांच्या गोळ्या. त्यातली एक बी तुम्ही मला मुद्दाम उकळून दाखवलीत. मोहरीपेक्षा बारीक तपकिरी दाणा, पाण्यात फुटला आणि आतून गुंडाळलेला पांढरा दोरा बाहेर आला. “गर्भासारखा दिसतो ना?” घरी येऊन शोधलं तर ती अमरवेलीच्याच कुळातली निघाली! आमच्या गावी कुंपणावर तिचं पिवळं जाळं पसरतं आणि आजोबा ते शिव्या देत ओढून काढायचे.

तीन वाट्या पाणी, एक वाटी उरेपर्यंत मंद आच, लोखंडाचं भांडं चालणार नाही. माझ्याकडे स्टीलची पातेली आणि कुकर. तुम्ही आत गेलात आणि दांड्याचं, तोटीचं मातीचं भांडं आणून माझ्या पिशवीत ठेवलंत. पहिल्याच संध्याकाळी वास कॉरिडॉरभर गेला आणि शेजारच्या आंटीने लिफ्टमध्ये विचारलं, “बेबी ट्राय करतेस?” कडूपणावर उतारा म्हणून तुम्ही दिलेल्या त्या गुलाबी आंबटगोड चकत्या नसत्या तर मी आठवड्यात काढा बेसिनमध्ये ओतला असता. (दोनदा ओतलाय. आता सांगायला हरकत नाही.)

मी आकड्यांत काम करणारी बाई. ॲक्युपंक्चरवरचा, म्हणजे चिनी वैद्यकातल्या सुया टोचण्याच्या उपचारावरचा, २०१८ साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा अभ्यास मी तुमच्यासमोर ठेवला होता. आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट-ट्यूब बेबीचे उपचार, करणाऱ्या ८४८ बायका. खऱ्या ॲक्युपंक्चरच्या गटात १८.३ टक्के जिवंत बाळं, खोट्या सुयांच्या गटात १७.८. म्हणजे फरक नाहीच. काढ्यांबद्दलचे अभ्यास तर बरेचसे लहान आणि कच्चे. मला वाटलं, चिडाल. तुम्ही काउंटरवरच्या मुलीकडून सगळं वाचून घेतलंत आणि म्हणालात, “झोप लागते का आता? पाळी वेळेवर येते का?” दोन्हीचं उत्तर हो होतं. “मग मी एवढंच विकते. बाळ विकत नाही.”

आणि ती ‘गॅरंटी’वाली पाकिटं! इंटरनेटवरून मागवलेली, महागडी, तीन महिन्यांत गोड बातमी म्हणे. यादीतल्या ‘हे शौ वू’ नावाच्या मुळीवर तुम्ही नख टेकवलंत: याने लोकांची यकृतं बिघडली आहेत, फेकून दे. आयव्हीएफ ठरल्यावर तुम्ही आपल्या काढ्याची यादी चिनी आणि लॅटिन नावांनी लिहून दिलीत, हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना दाखव म्हणालात. त्यांनी इंजेक्शनं सुरू होण्याआधी काढा बंद करायला सांगितला. तुम्ही मान हलवलीत आणि उरलेल्या पुड्यांचे पैसे परत केलेत. मी नको म्हणत होते, तुम्ही नोटा माझ्या पर्समध्ये कोंबल्यात.

दुसऱ्या खेपेला राहिलं. मुलगी आता अकरा महिन्यांची आहे. ऑपरेशनने झालं, इक्सीने (आयव्हीएफमध्ये एकच शुक्राणू सुईने बीजात सोडतात, त्याने) झालं, की सासूबाईंच्या नवसाने, यावर घरात मतभेद आहेत. तुमचं नाव घेतलं की नवरा म्हणतो, “त्या बाईने मला वर बोलावलं नसतं तर...” आणि वाक्य अर्धंच सोडतो.

भांडं परत करायला मी बाळंतपणानंतर आले होते, धुऊन-पुसून, कागदात गुंडाळून. तुम्ही हात मागे घेतलेत. म्हणालात, औषधाचं भांडं उसनं घेणाऱ्याने परत करायचं नसतं, त्याच्यासोबत आजार दाराशी येतो. ज्याचं आहे त्याला लागलं तर तो स्वतः येऊन नेतो. तर ते आमच्या ओट्यावर, शेगडीच्या डाव्या बाजूला आहे. एक कडा जरा उडाली आहे, ती माझ्या हातून. मी काही ते आणून देणार नाही. तुम्हाला हवं असेल तर तुम्हीच या, रविवारी दोघंही घरी असतो, आणि मुलगी त्या वेळी जागी असते.

तुमची,
सेंगकांगची, गार पावलांची