चवरी दिसते, धरणारा कुठे गेला?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीत संस्थानकाळातल्या सभामंडपाचे छायाचित्र छापलेत, त्याबद्दल आभार. पण त्याखालची 'देवापुढे राजा-रंक एक' ही ओळ कुणी लिहिली? महाराज गादीवर लोडाला टेकून बसलेत, तेही गाभाऱ्याकडे पाठ करून. शेजारी मानकरी, आपापल्या मानाप्रमाणे. खांबांपलीकडे पायरीखाली जे उभे आहेत, त्यांच्यातल्या एकाच्या हातात कुणाचे तरी जोडे आहेत. यात एक कोण झाले? डाव्या कडेला तर नुसता एक हात आणि चवरी उरली आहे. बाकीचा माणूस तुम्ही कापलात.

ते फोटो सहज टिपलेले नसत. मंडपातल्या अंधारात काचेवर चित्र उमटायला वेळ लागे, तोवर सगळ्यांनी स्तब्ध राहायचे. हलला तो पुसट झाला. म्हणून कुणी बसायचे, कुणी उभे राहायचे, कुणी उंबऱ्याबाहेर थांबायचे, हे आधीच ठरे. नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ याच इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला असताना १८७४ च्या सुमारास ही कला शिकले, इथले राजे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना आश्रय दिला. त्या गावच्या वर्तमानपत्राने तरी असा फोटो कडेपर्यंत पाहायला हवा होता.

माझे आजोबा देवळात समयांची तेलवात बघत. उत्सवातल्या एका फोटोत ते मागच्या रांगेत आहेत. तो फोटो इथल्या एका संस्थेने स्मरणिकेत छापला, तेव्हा बसलेल्यांची नावे पदव्यांसकट दिली आणि उभे असलेल्यांना 'इतर सेवेकरी' म्हणून मोकळे झाले. आजी तेव्हा हयात होती. पुजारी, चोपदार, मशालजी, झाडलोट करणारी बाई, सगळ्यांना ती नावाने ओळखत होती. तिने सांगितली तशी यादी मी लिहून नेऊन दिली. 'जागा नाही' असे उत्तर मिळाले. बसलेल्यांच्या पदव्यांना मात्र जागा होती! आजी ती स्मरणिका पुन्हा हातात घेईना.

तेव्हा कृपा करून हा फोटो पुढच्या रविवारी न कापता छापा आणि ती ओळ मागे घ्या. चवरीवाल्याचे नाव एखाद्या घरात अजून कुणाला ठाऊक असेल, तसे आवाहनही करा. आणखी एक, तुमच्या पुरवणीत जुन्या फोटोंखाली ना साल असते ना छायाचित्रकाराचे नाव. 'संग्रहातून' एवढेच लिहिता. कुणाच्या संग्रहातून, तेही सांगत जा.

— एक वाचक, इंदूर