नाचा, पण गळा मंचावरचाच असू द्या

संपादक महोदय,

शिगमोत्सव, कार्निव्हल, गावचे उत्सव यांच्या निमित्ताने नाचत गाण्याच्या स्पर्धा होतात. काही ठिकाणी ट्रॅकमध्येच, म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या साथसंगीतातच, मुख्य आवाज भरलेला असतो, स्पर्धक नुसते ओठ हलवतो आणि तरी त्याला गायनाचे गुण मिळतात. ज्या गोव्यात भजनी स्पर्धेत सम चुकली तरी परीक्षकांच्या कानांतून सुटत नाही, तिथे हे चालवून घेणे बरे नव्हे.

युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेत डान्स-पॉपची, म्हणजे नाचाच्या ठेक्यावरच्या पॉप गाण्यांची, रेलचेल असते. तिथे गाणे तीन मिनिटांच्या आत संपते, मंचावर सहाच जण चालतात आणि मुख्य गायकाला तिथेच गावे लागते. २०२१ पासून साथीचे आवाज ट्रॅकवर चालतात. २०१२ साली बाकूत स्वीडनची लोरीन ३७२ गुण मिळवून जिंकली, तेव्हा तर तीही सवलत नव्हती.

नाचताना सूर टिकत नाही, ही सबब आम्हांला पटत नाही. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ मात्रांच्या) गाण्यात तीन मिनिटांत चार मात्रांचे ९६ बार बसतात, म्हणजे एक बार दोन सेकंदांहूनही कमी. ध्रुवपदाआधी एक अख्खा बार श्वासासाठी मोकळा सोडावा. उड्या, गिरक्या वाद्यांच्या तुकड्यात घ्याव्यात, लांब स्वराला पाय स्थिर ठेवावेत. नृत्य बसवणारे बहुधा उलट करतात. मग दुसऱ्या ध्रुवपदाला दम तुटतो आणि वरचा स्वर उतरतो. पट्टीसुद्धा बसून ठरवू नये. पूर्ण नाचून झाल्यावर वरचा स्वर लागला नाही, तर अर्धा स्वर खाली यावे.

उघड्या मैदानात बेताल होण्याचे खरे कारण बरेचदा मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, नसणे हे असते. समोर १७ मीटरवर इमारत असली, तर तिथून परतणारा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. गायक तोच ऐकत गातो आणि मागे पडतो. पायाशी एक मॉनिटर ठेवून त्यात ट्रॅक आणि गायकाचा आवाज सोडला की हे बरेच सुधारते. माईक मात्र मॉनिटरकडे वळवू नये, शिट्टी वाजते.

मुख्य आवाज मंचावरच गायला हवा, हा नियम आयोजकांनी प्रवेशपत्रिकेवरच छापावा, आदल्या दिवशी ट्रॅक मागवून साउंडवाल्याकडून ऐकून घ्यावा आणि मुख्य आवाज सापडला तर त्याच संध्याकाळी परत करावा, म्हणजे स्पर्धकाला नवा ट्रॅक आणायला रात्र मिळेल.

– ध्वनिसंयोजन करणारे दोन वाचक, फोंडा