आकडे वाचता येतात मला

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत चार दिवस राहून गेलीस, तेव्हा न्हाणीतल्या जाळीवरून रोज तुझ्या केसांचा गुंता मी उचलत होते. बोलले नाही. बोलले असते तर पुण्याच्या पाण्यावर ढकलून मोकळी झाली असतीस. पण पंखा बंद करून, शाल पांघरून भर दुपारी दोन-दोन तास झोपायचीस, ते काही पाण्यामुळे नव्हे.

तू बारावीला होतीस तेव्हा माझंही असंच सुरू झालं होतं. आवाज घोगरा, पाय जड, आणि हातातल्या पाटल्या साबण लावूनही निघेनात. डॉक्टर म्हणाले, "चाळिशी आली की व्हायचंच, टेन्शन घेऊ नका." टॉनिकची बाटली घेऊन मुकाट घरी आले. दोन वर्षं तशीच गेली. मग दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडसाठीची रक्ततपासणी, करायला लावलं, तर ४८! साधारण चारपर्यंत असायला हवं. त्या आधीच्या डॉक्टरांचा राग आहेच, पण "एकदा थायरॉइड बघू या का?" एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही, याचा जास्त आहे.

तू विचार. नुसतं "थकवा येतो" म्हणू नकोस, तो सगळ्यांनाच येतो. कधीपासून, पाळी कशी येते, वजन किती वाढलं आणि आईला थायरॉइड आहे, हे आधी सांग. मग टीएसएच, व्हिटॅमिन बी-१२ आणि डी, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) करावं का ते विचार. नको म्हणाले तर का नको, तेही विचार. पायाला मुंग्या येतात ते विसरू नकोस. आपण अंडंही न खाणारी माणसं, बी-१२ मिळतं ते दूध-दह्यातून, आणि तू तर चहासुद्धा कोरा पितेस! शिवाय वर्षभर रोज पित्ताची गोळी घेतेयस, तीही सांग. तिच्यामुळे बी-१२ अंगी कमी लागतं.

केसांसाठी त्या गोड गोळ्या चघळतेस ना, त्यात बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं. त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बंद कर, आणि घेत होते म्हणून डॉक्टरांना सांग.

आणि मैत्रिणीने दिली म्हणून व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी सुरू करू नकोस. आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आठवड्याची पुडी रोज घेतली आणि कॅल्शियम वाढून दवाखान्यात पडल्या.

मी बरी आहे. पहाटे थायरॉइडची गोळी घेते, अर्धा तास चहा नाही. तुझे बाबा आधण ठेवून घड्याळाकडे बघत बसतात, बिचारे.

शनिवारी जाऊन ये. रिपोर्टचा फोटो पाठव, नुसतं "नॉर्मल आहे" असं लिहू नकोस. आकडे वाचता येतात मला आता.

तुझी,
आई